दिवस मावळायच्या आत जेवणारा मारेकरी

अहो,

पहूरच्या मावशी ओट्यावरून घसरून पडल्या, म्हणून सासूबाईंना घेऊन दुपारच्या एस.टी.ने निघते आहे. उद्या परत येईन. कढी-खिचडी झाकून ठेवली आहे, उन्हं आहेत तोवर जेवून घ्या.

गादीखालची तुमची कादंबरी वाचली. रागावू नका, गाद्या उन्हात घालायला तुम्हीच सांगितलं होतं. आधी जमेची बाजू. तुमचा भाडोत्री मारेकरी भुसावळच्या पुलावर सावज हेरत उभा राहतो, तिथे माझं दूध उतू गेलं. इतकं रंगलंय.

आता खोट सांगते. हा माणूस मुंबईत राहतो, दारू ढोसतो, मुडदे पाडतो, आणि रोज दिवस मावळायच्या आत जेवतो! पाणीसुद्धा गाळून पितो! असला मारेकरी आपल्या जैनांच्या घरातच निपजायचा. तुमच्या आबांनी वाचलं, तर तेवढं एकच त्यांना पटेल.

दुसरी खोट मोठी आहे. त्याच्या बायकोला तुम्ही साधं नावही दिलं नाही. तो बॅग भरतो आणि तिला म्हणे पत्ताच नाही! अहो, माळ्यावरची तुमची बॅग मला सोमवारीच दिसली. आबांना दुकान सोडतो म्हणायची आणि मला मुंबईला जातो म्हणायची तुमची छाती होत नाही, एवढंच.

शेवटच्या प्रकरणात तो बायकोला न सांगता गाडीत बसतो. ते मला पटलं नाही, म्हणून ती पानं मी बरोबर नेते आहे. अर्धी कादंबरी कोणी छापत नाही. मी येईपर्यंत थांबा, दोघं मिळून शेवट बदलू.

बायकोला नाव सुचत नसेल, तर खाली लिहिलं आहे.

कुसुमलता