दोनशे बारा दगड

९ फेब्रुवारी २०२५, रविवार
मीटिंग झाली. समाजमंदिराचं काम नक्की. आपल्या विलासची मेघा पुण्यात आर्किटेक्ट आहे, तिने नकाशा दाखवला. नवी इमारत लोखंडाची आणि काचेची, आणि तिच्या पोटात जुनी दर्शनी भिंत जशीच्या तशी. पाया खचलाय, म्हणून भिंत उतरवायची आणि सहा फूट आत पुन्हा चढवायची. दगड न् दगड आपल्या जागी. त्यासाठी दगडांना नंबर हवेत. कोण करील, असं विचारून व्हायच्या आत माझा हात वर.

१९५७ साली वस्तीतल्या घराघराने नदीतले दगड डोक्यावर वाहून ही भिंत उभी केली. दाराच्या डावीकडचा सगळ्यात मोठा दगड आमच्या वडलांचा. तो नव्या इमारतीत आपल्या जागी बसलेला पाहिला की मी मोकळा. वय चौऱ्याहत्तर.

१२ फेब्रुवारी
मेघाचा फोन. म्हणाली, तात्या, नंबर ऑइल पेंटने टाका. पोर हुशार, पण अनुभव नाही. मोहोपाड्याच्या कारखान्यात तेहतीस वर्षं मी पाइपांवर खडूनेच मार्किंग केलं. एक पाइप चुकला नाही. (एकच चुकला. तो नाइट शिफ्टवाल्यांचा.) पांढऱ्या खडूची पेटी आणली.

२ मार्च
२१२ दगड पूर्ण! गुडघे गेले. वहीत नंबर आणि पुढे कुठल्या घराचा ते लिहिलं. सगळं कुणाला ठाऊक असणार? जिथे माहिती नाही तिथे अंदाज. मंडळाच्या जगदीशचं घराणं ठेंगणं, त्यांना बुटके दगड दिले.
आमची बायको पारूबाई म्हणाली, अवो, कुठला दगड कुठं हाय त्याचं चित्र तरी काढा. म्हटलं, दगडावर नंबर आहे, चित्र कशाला? तरी जगदीशकडून फोटो काढून घेतले. एकतीस.

३० मार्च
जयंतीची मीटिंग. जगदीश मंडळाचा अध्यक्ष, पण दृष्टी नाही. म्हणे, मंदिर पाडायचंच आहे, यंदा चुना नको. मी उभा राहिलो. वीस मिनिटं बोललो. जुन्या इमारतीची शेवटची जयंती, आणि तिने मळक्या अंगाने उभं राहायचं? टाळ्या. दोन हात चुना, ठराव एकमताने मंजूर. सूचक मीच.

१३ एप्रिल, संध्याकाळ
पोरांनी काम चोख केलं. मी खुर्ची टाकून समोर बसलो होतो, एक दगड सुटू दिला नाही. भिंत दुधासारखी.
मनात काहीतरी सलतंय. काय ते आठवत नाही. बहुतेक लाडवांची ऑर्डर.

१४ एप्रिल
लाडवांची ऑर्डर दिलेली होती.
मेघा आली. भिंत बघितली. मग हळूच विचारलं, तात्या, नंबर?
मी म्हटलं, आत आहेत.

१५ एप्रिल
घाबरण्याचं कारण नाही. खडू आधी लागला, चुना नंतर. म्हणजे पाण्याने वरचा चुना जाईल, खालचा खडू राहील. पाच दगड धुतले. चुना थोडा राहिला. खडू गेला.
फोटो उघडले. एकतीसच्या एकतीस फोटोंत भिंतीपुढे मी. छान आलोय. एकात माझ्या कानामागे ८७ नंबर दिसतो.
असो. वडलांचा दगड तर बिननंबराचा ओळखू येतो.

४ मे
मेघा म्हणते नवे नंबर पेंटने टाका, पण आधी कुणाचा कुठला ते कळायला हवं. त्याला नामी तोड सुचली. दगड वाहणाऱ्यांतली एकटी सोनुबाई काकी उरली आहे. तेव्हा नवी नवरी, आता शहाऐंशी, नजर गेलेली. हाताला धरून भिंतीपाशी आणली. म्हटलं, काकी, चाचपून सांग, कुणाचा कुठला.
ती हसायलाच लागली. मेल्या, नावं घालून का आणलं हुतं आमी? नदीपासून रांग लावली हुती, ह्या हातातून त्या हातात. कोन सांगंल कोनाचा दगड?
मग डोक्यावर वाहिल्याचं कोण म्हणतं, विचारलं. म्हणाली, तुजा बा म्हनायचा.
मोठ्या दगडाचं विचारायला नको होतं. तरी विचारलं. म्हणाली, तुजा बा दगडाला शिवला नाय रं. कंबर धरली हुती त्याची. झाडाखाली बसून वराडत हुता, असा धरा नि तसा लावा.
पारूबाई घरापर्यंत पदराआड हसत होती.
काकीचं वय झालं. आठवणीचा भरवसा नाही.

२५ मे
नवे नंबर राहूनच गेले. पाऊस जवळ आला म्हणून जेसीबीवाल्याने भिंत उतरवली. खाली नुसता ढीग. पुन्हा चढवणं शक्य नाही, मेघाने सांगितलं. रागावली नाही, ते जास्त लागलं. नवा नकाशा: सगळी काच, आणि दारात स्टँडवर जुना एक दगड. म्हणाली, तात्या, तो तुम्ही निवडा.
दोन तास ढिगापाशी बसलो. मोठा म्हणून जो धरावा, त्याहून मोठा दुसरा निघतो. उद्या निवडतो म्हटलं.

२८ मे
आज नक्की निवडायचा म्हणून गेलो. ढीग नव्हता. जेसीबीवाल्या पोशाने सगळे दगड नव्या इमारतीच्या पायात भरले. स्टँडवर नीट बसणारा एक बाजूला काढलाय, म्हणाला.

१४ ऑक्टोबर
उद्घाटन. अर्ध्या काचा अजून यायच्यात. स्टँडवर दगड, खाली पाटी: मूळ भिंतीतला दगड, १९५७. लोक हात लावून पुढे जात होते.
जवळ गेलो. दगडाच्या कडेला सुरुंगासाठी पाडलेल्या भोकाची खाच. नदीच्या दगडाला अशी खाच नसते. हा खालापूरच्या खाणीतला. समाजमंदिरामागच्या पाण्याच्या टाकीखालच्या चौथऱ्यासाठी १९९४ साली टेंपोतून मीच आणलेला. हे मी सोडून कुणाला माहीत नाही.
सोनुबाई काकीला धरून आणलं. तिने दगडावरून हात फिरवला. खाचेपाशी बोटं थांबली.
मेघाने विचारलं, तात्या, कुणाच्या घरचा हो हा?
मी म्हटलं, सगळ्यांचा.
काकीने काठीने माझं पाऊल शोधलं, काठी त्यावर टेकवली आणि कानाशी म्हणाली, बापावर गेलास रं.