सफरचंदाचा फोटो

नायगाव, मंगळवार

पंचशीले,

पेपरात तुझा फोटो बघितला. तुमच्या लातूरच्या संस्थेच्या वसतिगृहात टाकीचं पाणी पिऊन पोरी आजारी पडल्या, अन् तू दवाखान्यात फळं वाटून राहिली. जिच्या पोटात पाणी ठरंना तिच्या हातात सफरचंद! ती आपल्या गल्लीतल्या मनिषाची पोर हाय. काल दवाखान्यातनं घरी आणली, अजून निजूनच हाय. मनिषा म्हणली, "काका, तुमची पुतणी सारखी कॅमेऱ्याकडंच बघत होती."

फळं वाटायला तुझ्या संस्थेच्या साहेबानं सांगितलं असंल. टाकीचं बोलली तर नोकरी जाईल, हे बी कळतं मला. पण आपल्यात दुखाच्या घरी माणूस रिकाम्या हातानं जाऊन बसतो. तसं ये. टाकी धुतली न्हवती, आमचं चुकलं, एवढंच बोल. भाषण नको.

इथवर लिहिलं तर तूच दारावरून गेली. एकटी, हात रिकामे. माझ्याकडं बघितलं बी न्हाई, सरळ मनिषाच्या घरात शिरली. आधी मनिषाचं रडणं ऐकू आलं, मग तुझं.

आता हे पत्र पेटीत टाकत न्हाई. नोकरीचं बघू. तिकडून निघाली की जेवायला ये.

तुझा काका,
साहेबराव