लालबीचा विळा

४ फेब्रुवारी १९३७, कळमनुरी

हाकललं मला! पिंजारगल्लीत राहायला येऊन सव्वा वर्ष झालं, पण असं तोंडावर दार कुणी लावलं नव्हतं. शेजारच्या दगडू पिंजाऱ्याची जैतुनबी दिवसांत आहे. आधीची दोन्ही लेकरं आठव्या दिवशी आखडून गेली. मिशनमध्ये सुईणकाम शिकलेली मी कात्री उकळायला पातेलं घेऊन गेले, तर लालबी दाई उंबऱ्यात आडवी! "किरिस्तावाच्या पातेल्यात डुक्कर शिजतंय. ह्या घरात न्हाई येनार ते!"

डुक्कर? आमच्याकडे सुकट शिजली तरी सण!

५ फेब्रुवारी

"प्रार्थना कर," हे म्हणाले. केली. राग तसाच. यांचं बरं आहे — मिशनच्या दवाखान्यात औषधाच्या बाटल्या भरायच्या आणि शांत राहायचं.

लालबी विळ्याने नाळ कापते, वर चुलीतली राख दाबते. धनुर्वात तिथूनच शिरतो. पुन्हा जाऊन सांगितलं, तर म्हणते, "आठव्या दिवसाची बला हाय ती. चाळीस वर्सं करून राहिले मी. तू कालची पोरगी!"

चौतीस वर्षांची आहे मी!

९ फेब्रुवारी

सुचलं! आज बाजार. कुंभाराकडून कोरं मडकं घेतलं, घरी नेलंच नाही. डोक्यावर घेऊन भर गल्लीतून थेट जैतुनच्या अंगणात. म्हटलं, "घ्या! ह्यात माझ्या घरचं पाणीसुद्धा पडलेलं नाही. पाणी तुमचं, चूल तुमची. कात्री तेवढी माझी."

लालबीने मडकं उलटंपालटं करून पाहिलं, वास घेतला, टिचकी मारली. काय खोट काढणार! दगडू कापूस पिंजायचा थांबला. "बराबर बोलून राहिली बाई. दोन लेकरं पुरली मी. यंदा हिच्या हातानं होऊ द्या."



१७ फेब्रुवारी

मुलगा! भर दुपारी! उकळलेला दोरा, उकळलेली कात्री. राख चिमूटभरही लावू दिली नाही. दगडूने कानात अजान दिली, मी भिंतीकडे तोंड करून माझ्या येशूचे आभार मानले. कुणाची हरकत नाही. लालबी कोपऱ्यात बसून बघत होती. विळा मांडीवर तसाच.

२१ फेब्रुवारी

दूध ओढतोय.

२४ फेब्रुवारी

आठवा दिवस.  बाळाचा जबडा आवळला नाही ना, म्हणून दहादा जाऊन बघितलं. शेवटी जैतुनच म्हणाली, "बस करा बाई, मला भ्या वाटतंय." मलाही वाटतंय. तिला कसं सांगू?

२५ फेब्रुवारी

नववा दिवस!! रडतोय कसला — पार वेशीपर्यंत ऐकू जाईल! दगडू सकाळीच दारात. "बाई, तुमचं पातेलं द्या." तेच, तेच पातेलं! त्यात शेवयांची खीर भरून आणून दिली. गल्लीतल्या चार जणींनी आमच्याच ओसरीवर बसून खाल्ली.

जिंकले मी! लालबी हरली! हे म्हणाले, "गर्व नको." आजच्या दिवस तरी असू दे की!

२६ फेब्रुवारी

लालबी आली. आमच्या घरात पहिल्यांदाच. फडक्यात गुंडाळलेला विळा पुढे केला. "ह्यालाबी उकळून दे."

पाणी चढवलं. ती चुलीजवळ बसून राहिली. मग म्हणाली, "माझ्या लेकीची तीन गेली. आठव्या दिवशीच. तिघांचीबी नाळ मीच कापली." माझ्याकडे न बघता विचारलं, "बाई, बलाच व्हती ना ती?"

"व्हय," म्हणाले मी. "बलाच होती."