वीस शब्द आणि एक फ्लेक्स

६ जानेवारी, सोमवार
ठरलं. यंदा मास्टर टीचर व्हायचंच. सतरा वर्षं साधा टीचर आहे. मागून आलेले पुढे गेले, कारण त्यांना पुढेपुढे करता येतं. मला फक्त शिकवता येतं. ७ फेब्रुवारीला सुपरवायझर मॅडम माझा दहावीचा तास बघणार. तोवर पोरांना अभ्यासातले वीस इंग्रजी शब्द यायलाच हवेत. हायपोथिसिस, एव्हिडन्स, कन्क्लूजन वगैरे. पद्धत माझी स्वतःची: अर्थ मी फळ्यावर लिहायचा, पोरांनी वीसदा उतरवायचा.

७ जानेवारी
हायपोथिसिसवर चाळीस मिनिटं बोललो. वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता. तास संपल्यावर मागच्या दोन बाकांना हलवून उठवावं लागलं.

१३ जानेवारी
चाचणी. बेचाळीसपैकी तिघं पास. पेपर जरा कठीण निघाला, एवढंच. नवी योजना: ज्याला जो शब्द येत नाही, त्याची पाटी दिवसभर त्याच्या गळ्यात. बायको, मिला, म्हणाली, "पोरं आहेत ती, शेळ्या नव्हेत." तिचा अध्यापनाशी संबंध नाही.

१७ जानेवारी
मधल्या सुट्टीनंतर अर्धा वर्ग उशिरा. कारण आलिंग पासिंग, म्हणजे पासिंग मावशी, गेटवरची केळीवाली; गाडीवर साखरेत तळलेली केळी विकते. स्वतःची शाळा चौथीत सुटलेली. गळ्यात पाटी दिसली की पोराला अडवते. "काय लिहिलंय हे? मला कळेल असं सांग, मग केळं." आज माझ्या वर्गातली रोवेना तिला एव्हिडन्स समजावत होती, "केळी आजची, हे तुझं म्हणणं झालं. ताजी सालं दाखव, तो एव्हिडन्स." बाई म्हणाली, "हां, म्हणजे आमचे हे रोज मासे धरायला गेलो म्हणतात, पण घरात मासा नाही, तसं." सगळे खिदळले. माझ्या शब्दांचा हा बाजार! प्रिन्सिपॉलकडे लेखी तक्रार दिली.

२० जानेवारी
तक्रारीचा उपयोग झाला. बाईंची गाडी गेटवरच्या झाडाखालून हलवून रस्त्यापलीकडे लावली. तिथे सावली नाही, पण शिस्त म्हणजे शिस्त. पोरं आता रस्ता ओलांडून जातात. आणखी उशीर.

३० जानेवारी
फ्लेक्स छापून आणला. 'मास्टर टीचर क्रिसांतो दिमायुगा यांचे हार्दिक अभिनंदन.' आयत्या वेळी छापणाऱ्याकडे गर्दी असते. फोटो बारा वर्षांपूर्वीचा, केस होते तेव्हाचा. माणूस तोच आहे ना! मिला म्हणाली, "आधी होऊ तर द्या." तिला दूरदृष्टी नाही.

७ फेब्रुवारी
न भूतो न भविष्यति असा तास! मॅडमनी प्रश्न टाकला की सगळे हात वर. रोवेना म्हणाली, "आलिंग पासिंग आज खुशीत असेल, हे हायपोथिसिस. केळ्यावर साखर जास्त, हा एव्हिडन्स." मॅडम हसल्या आणि भराभरा लिहीत सुटल्या. शेवटी त्यांनी विचारलं, "हे सगळं तुम्हाला शिकवलं कुणी?" बेचाळीस बोटं माझ्याकडे वळली. मी रस्त्याकडच्या खिडकीला टेकून उभा होतो. डोळे भरून आले.

२८ फेब्रुवारी
यादीत नाव नाही. शेरा असा: 'विद्यार्थ्यांना शब्द उत्तम येतात. शिक्षकांनी केळीवाल्या बाईंची रीत समजून घ्यावी.' दुसऱ्या कुणाचा तरी कागद माझ्या फायलीत लागला असावा. अर्ज करणार.

१ मार्च
अर्ज केला नाही. फ्लेक्स घरात सापडत नाही. मिला म्हणाली, "दिला. त्या बाईला उन्हात कुणी बसवलं, ते ठाऊक आहे मला."

३ मार्च, सोमवार
मधल्या सुट्टीत गाडीवर गेलो. केवळ पाहणीसाठी. वर माझा चेहरा ताणून बांधलेला, खाली सावलीत माझा अख्खा वर्ग. वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? म्हटलं, "एक केळं द्या. वर आहे तो मीच." आलिंग पासिंगनं वर पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाली, "हे तुमचं म्हणणं झालं, सर. एव्हिडन्स?"
मी टोपी काढली. ती आणखीच गोंधळली.
मग रोवेना मध्ये पडली. म्हणाली, "सरच आहेत ते, आलिंग पासिंग. आवाज तोच आहे. आम्ही झोपेतसुद्धा ओळखू."
बेचाळीस माना डोलल्या. एव्हिडन्स मान्य झाला, केळं मिळालं.