पाचोळ्याची आग

वडीलधाऱ्या ताईंना त्यांच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार.

तुमचे गुडघे कसे आहेत? दोन्ही एकदम दुखतात, की अजून पाळ्या लावून? साडूभाऊंचा खोकला ओसरला असेल अशी आशा करतो. इकडे आम्ही दोघं, सासरे-जावई, ठीक आहोत. (‘ठीक’ हा शब्द पत्राच्या रीतीपुरता लिहिलाय, त्याच्यावर फार भार टाकू नये.) अण्णांची भूक उत्तम, झोपही उत्तम. भूक नाही ती मला, झोप नाही तीही मला, आणि रक्तदाब आहे तोही मलाच. दोघांची मिळून सरासरी काढली तर या घरात एक बऱ्यापैकी धडधाकट माणूस राहतो.

तुमचं पत्र पोचलं. वृद्धाश्रमात अण्णांसाठी खाट मिळाली आणि महिनाअखेरीला गाडी त्यांना न्यायला येईल, हे वाचून जीव भांड्यात पडला. उन्हाळ्यात मीच तुम्हाला लिहिलं होतं, की हे माझ्याच्यानं होणार नाही, काहीतरी बघा. तुम्ही बघितलंत, उपकार आहेत. पत्राच्या शेवटी तुम्ही मला चार समजुतीचे शब्दही सांगितलेत, की तोवर कुढत बसू नका, पानगळीचे दिवस सुंदर असतात, कोवळं ऊन, गळणारी पानं, हातात चहाचा गरम कप, असल्या छोट्या छोट्या गोष्टींत आनंद शोधा आणि मनातल्या मनात आभार माना. तुमचा शब्द मी आजवर खाली पडू दिलेला नाही, तेव्हा हाही झेलला. त्याचं पुढे काय झालं ते आता ऐका. (फोनवर सांगता आलं नसतं, कारण मी फोनवर असलो की अण्णा शेजारी सावधान उभे राहून ऐकतात.)

सुरुवात कोवळ्या उन्हापासून केली. अण्णांना मोजे, स्वेटर आणि मफलर चढवून (हे लिहायला सोपं आहे, प्रत्यक्षात डाव्या हाताला बाही सापडेपर्यंत उजवा हात बाहेर आलेला असतो) अंगणातल्या बाकावर आणून बसवलं, दोघांच्या हातात चहा दिला आणि आनंदाची वाट बघत बसलो. ऊन खरंच छान होतं. आभार मानायला मी डोळे मिटतो न मिटतो तोच अण्णांनी आपला चहा कुंडीत ओतला, माझा कप काढून घेतला, तोही ओतला, आणि कामावर असताना प्यायचं नाही म्हणून मला सणसणीत दम दिला. त्यांना अग्निशमन दलातून निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे, फक्त त्यांना नाही. आणि मी त्यांच्या लेखी दलानं त्यांच्या दिमतीला दिलेला शिपाई आहे.

याचा एक फायदा सांगतो. जावई म्हणून त्यांनी मला जन्मभर ‘दातवाला’ म्हटलं. स्वतः आगीत उड्या घेतल्या, आणि लेकीनं मात्र घरबसल्या लोकांच्या कवळ्या करणारा नवरा पत्करला, हे शल्य त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. शिपाई म्हणून मात्र माझ्यावर त्यांची मर्जी आहे. परवा मी त्यांच्या बुटाची नाडी बांधत होतो तेव्हा त्यांनी दातवाल्याबद्दल माझ्यापाशी मन मोकळं केलं. माणूस वाईट नाही म्हणे, पण अंगात पाणी नाही. मी म्हटलं, खरं आहे साहेब. (माझ्याबद्दल इतकं नेमकं आजवर कोणी बोललं नव्हतं.) मग त्यांनी एकाएकी विचारलं, “तुझं लग्न झालंय का रे?”

“झालं होतं, साहेब.”

ते म्हणाले, “आधी भेटला असतास तर माझी धाकटी तुलाच दिली असती.”

“बरं झालं असतं, साहेब,” मी म्हणालो, आणि दुसऱ्या बुटाची नाडी अशी काही आवळली की संध्याकाळी कात्रीनं कापावी लागली.

त्या धाकटीबद्दल मी पत्रात काही लिहिणार नव्हतो. तुम्हीही विचारलं नाहीत, ते बरं केलंत. पण हे सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. दिवस कलला की अण्णा तिची चौकशी करतात. ती गेल्यानंतर पहिले काही दिवस मी खरं ते सांगत होतो. ते रडायचे. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारायचे, मी पुन्हा सांगायचो, ते पुन्हा तसेच रडायचे, पहिल्यांदाच कळल्यासारखे. कारण त्यांना ते पहिल्यांदाच कळत असायचं. आपल्याला निदान एकदाच कळलं, ताई. मग मी सांगणं सोडून दिलं. बाजारात गेलीय, येईल एवढ्यात, असं म्हणतो. ते दाराकडे तोंड करून बसतात. मीही बसतो. (कुठेतरी बसायचंच असतं.)

असो. आनंदाकडे वळू. उन्हानंतर गळणारी पानं घेतली. अण्णांना तळ्याकाठच्या बागेत फिरायला नेलं. पानं त्यांना आवडली. पान पडलं की ते थांबून “अरे!” म्हणत. पुढचं पडलं, पुन्हा “अरे!” त्या बागेत झाडं किती आणि या दिवसांत पानं किती पडतात, याचा तुम्हीच अंदाज करा. शेवटी शेवटी, खोटं कशाला बोलू, मीही वर बघायला लागलो होतो. नंतर कळलं की त्यांनी नुसतं कौतुक केलं नव्हतं, खिसे, मोजे आणि मफलर भरून पानं आणलीही होती. मला ते कळलं वॉशिंग मशीन बंद पडल्यावर. दुरुस्तीवाल्यानं मशीनच्या पोटातून मूठ मूठ चोथा काढला आणि विचारलं, घरात शेळी आहे का? मी म्हटलं, सासरे आहेत.

यावर माणसानं थांबायला हवं होतं. पण शेजारच्या शिंपीणबाईंनी कुंपणावरून ओरडा केला, की तुमचा पाचोळा उडून आमच्या दोरीवरच्या कपड्यांना चिकटतो. (या बाईंच्या तोंडाला लागून आजवर कोणी सुखरूप परतलेलं नाही.) म्हणून गेल्या आठवड्यात मी अंगण झाडलं, कोपऱ्यात ढीग केला आणि ठरवलं की हा पेटवू या, शेकोटीला हात धरू, तोही एक छोटा आनंद होईल. अण्णा बाकावर पेंगत होते. आत माझ्या खुर्चीत एक वकीलसाहेब बसले होते, वरच्या कवळीचं माप द्यायला. माप घ्यायचा लगदा तोंडात घातला की तो घट्ट होईपर्यंत माणसाला बोलता येत नाही, आणि वकिलाच्या बाबतीत ही माझ्या धंद्यातली सर्वांत सुखाची वेळ असते. (त्याबद्दल मी तिथल्या तिथे आभार मानून घेतले.) तेवढ्यात बाहेर येऊन मी काडी लावली.

ताई, धूर वर गेला आणि अण्णा उभे राहिले. कसे म्हणून सांगू? ज्यांना मी खांद्याला धरून उठवतो, ते एका झटक्यात, पाठ सरळ करून. आणि असा आवाज लावला, की तो मी लग्नाची बोलणी करायला आलो होतो त्या दिवसानंतर ऐकला नव्हता. “पाणी!” शिंपीणबाई झाडू परजत भांडायला आल्या होत्या, त्यांच्या हातातला झाडू गेला आणि बादली आली. त्या बाईंना कोणी हुकूम सोडलेला मी कधी पाहिला नव्हता. त्या मुकाट्यानं नळाकडे धावल्या. पहिल्याच बादलीत आग विझली, पण अण्णांच्या मते विझलेल्या आगीवर विश्वास ठेवणारा माणूस मूर्ख असतो, म्हणून आम्ही पाणी ओततच राहिलो. त्यात शिंपीणबाईंनी नुकताच इस्त्री करून दोरीवर टांगलेला कोणाचातरी कोट न्हाऊन निघाला. आरडाओरडा ऐकून वकीलसाहेब बाहेर आले, तोंडातून माप घ्यायच्या साच्याची दांडी बाहेर आलेली, काय चाललंय हे विचारायला “उं, उं” करत. अण्णांनी एका नजरेत ओळखलं की धुरानं याचा घसा गेलाय. त्यांना ओल्या पाचोळ्यावर आडवं केलं, स्वतःचा मफलर पांघरला, आणि हलू नकोस म्हणून बजावलं. वकीलसाहेब हलले नाहीत. त्यांची बाजू मांडायला त्यांच्याकडे तोंडच नव्हतं.

इथपर्यंत मी हसत होतो. खूप दिवसांनी हसत होतो, म्हणून थांबवताही येत नव्हतं. मग अण्णा घराकडे वळले आणि म्हणाले, “आत कोणी राहिलंय का?”

मी ‘नाही साहेब’ म्हणायला हवं होतं.

“माझी धाकटी आत आहे,” ते म्हणाले, आणि गेले. मी मागे धावलो. उंबरठ्याच्या आत त्यांनी मला खाली बसवलं. धूर वर असतो, हवा खाली असते, रांगत ये. तर ताई, तुमचे वडील पुढे आणि मी मागे, असे आम्ही दोघं पुरुष गुडघ्यांवर आणि कोपरांवर घरभर रांगत फिरलो. स्वयंपाकघर. माझी कवळ्यांची खोली. ते प्रत्येक टेबलाखाली हात फिरवून बघायचे, दाराला हाताची पालथी बाजू लावून मगच ते उघडायचे, आणि दर वेळी तिला हाक मारायचे. मोठ्यानं नाही. घाबरू नये म्हणून मारतात तशी.

शेवटी आमची खोली. पलंगाखाली बघून झाल्यावर ते कपाटाकडे गेले. पोरं आगीत कपाटात लपतात, हे लक्षात ठेव, असं मला सांगितलं आणि दार उघडलं. ते कपाट उन्हाळ्यापासून मी उघडलेलं नाही. तिचे कपडे तसेच टांगलेले होते. अण्णांनी एकेक कपडा बाजूला करून आत हात घातला, अगदी कोपऱ्यापर्यंत चाचपलं, खालचा कप्पाही सोडला नाही. सगळ्या खोलीत तिचा वास पसरला. मी जमिनीवर तसाच ओणवा होतो.

मग ते उठले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

“आत कोणी नाही,” ते म्हणाले. “सगळे बाहेर पडलेत. सुखरूप आहेत.”

“नक्की ना, साहेब?”

“मी स्वतः बघितलंय.”

बाहेर जाऊन त्यांनी हेच शिंपीणबाईंना आणि (आडव्या) वकीलसाहेबांना रीतसर सांगितलं, आणि बाकावर बसून तिथेच गाढ झोपले. शिंपीणबाईंनी ओला कोट पिळला, माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि भांडण तसंच टाकून घरी गेल्या. वकीलसाहेबांचं माप मात्र धावपळीत हललं. त्यावरून केलेली कवळी घातली की ते हसताना दचकल्यासारखे दिसतात. दुसरी करून देतो म्हटलं, तर नको म्हणाले, कोर्टात समोरचा गोंधळतो.

त्या संध्याकाळी अण्णांनी तिची चौकशी केली नाही. मी उत्तर तयार ठेवून बसलो होतो, ते तसंच राहिलं. दुसऱ्या दिवशी केली. आता रोज करतात. एका दिवसाची सुटी मिळाली, त्याबद्दल मी आभार मानले, तुम्ही म्हणाला होतात तसे, मनातल्या मनात. यापलीकडे या पानगळीत माझ्या हाती फारसं काही लागलेलं नाही. साडूभाऊंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
दातवाला

ता. क. आश्रमाच्या सांगण्याप्रमाणे अण्णांच्या सगळ्या कपड्यांवर नावाच्या पट्ट्या शिवून घेतल्या आहेत. शिंपीणबाईंनी शिवून दिल्या. बॅग भरून तयार आहे.

पुन्हा ता. क. बॅग आज सकाळी उपसली. गाडी पाठवू नका. खाट दुसऱ्या कोणाला द्यायला सांगा. कारण विचारू नका. विचारलंत तर मी ते लिहीन, आणि मग आपल्या दोघांनाही अवघडल्यासारखं होईल.

शेवटचं ता. क. गाडीची तारीख कळवायला तुम्ही रविवारी फोन केलात तो अण्णांनी उचलला होता. तुम्ही घाईत होतात, जेवलात का एवढंच विचारलंत आणि मला द्यायला सांगितलंत. नंतर ते मला म्हणाले, आवाज बसलाय तिचा, सर्दी झालेली दिसते. तुम्हा दोघी बहिणींचा आवाज फोनवर एकच आहे, हे मला लग्नाआधीपासून माहीत आहे. (तुम्ही तेव्हा ती होऊन माझ्याशी किती वेळ बोलत बसायचात!) त्या दिवशी ते पोटभर जेवले आणि दाराकडे पाठ करून बसले. तर माझी विनंती इतकीच, की दर रविवारी फोन करत जा. त्यांनी तिच्या नावानं हाक मारली तर ओ द्या. काय बोलावं याचा विचार करू नका, पाऊसपाणी चालेल, भाजीचे भाव चालतील, फक्त जरा सावकाश बोला. फोन मी स्पीकरवर ठेवीन आणि शेजारी बसेन. अण्णांना कमी ऐकू येतं म्हणून नाही. त्यांचे कान अजून माझ्यापेक्षा तिखट आहेत.