साऱ्या इमारतीने पाहिलेलं लग्न

चि. बेबीस,

अनेक आशीर्वाद. (तू स्वतः सासूबाई झालीस तरी थोरली मीच आहे, तेव्हा मुकाट्याने घे.) तुझं ब्लडप्रेशर, भाऊजींचा खोकला आणि तुमच्या नळाचं पाणी, तिन्ही ठिकाणावर असतील अशी आशा आहे. ऑपरेशननंतर माझा गुडघा आता वाकतो. आमचे हे मात्र कशानेच वाकत नाहीत.

तू पाठवलेली लग्नाची कॅसेट पोचली. तुझ्या लेकीचं लग्न गुडघ्यापायी हुकलं ते हुकलंच, पण शनिवारी ती नवऱ्याला घेऊन इथे येणार आणि दारातच "मावशी, कशी दिसत होते मी?" असं विचारणार. म्हणजे शनिवारच्या आत मी लग्न पाहणं भाग होतं. चिरंजीवांनी घेऊन दिलेला व्हिडिओ रेकॉर्डर वर्षभर खोक्यातच होता, कारण ह्यांच्या मते यंत्रं वापरली की बिघडतात. (ह्यांच्या मते घड्याळसुद्धा जपायचं असतं, म्हणून आम्ही वेळ शेजारी विचारतो.) शिवाय कोर्टातल्या कारकुनीत जन्म गेल्यामुळे घरातल्या कामालाही हे पुढची तारीख देतात. रेकॉर्डर जोडायला ह्यांनी रविवार दिला. रविवार शनिवारच्या नंतर येतो, हे मी ह्यांना कॅलेंडरासमोर उभं करून दाखवलं.

शेवटी मीच पदर खोचला. अगं, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये मी उभ्या शहराच्या तारा जोडल्या. मंत्र्याला मंत्र्याशी जोडलं, सुनेला माहेरी जोडलं, एका गृहस्थाला चुकून त्याच्याच बायकोशी जोडलं. आणि मला हे विचारतात, "तुला जमेल का?" मी आधी माहितीपुस्तक वाचायला बसले. छापील सूचना शेवटपर्यंत वाचल्याशिवाय पेन्सिल उचलायची नाही, हे कॉन्व्हेंटात सिस्टरांनी पट्टी मारून शिकवलेलं. पण ते पुस्तक लिहिणाऱ्याला कोणी पट्टी मारलेली नव्हती. अर्धा भाग विजेपासून सावध राहा, उरलेला पाण्यापासून सावध राहा. चौथ्या पानावर मी ते मिटलं आणि अनुभवाकडे वळले.

आमच्या एक्स्चेंजमध्ये साधा हिशोब होता: जे बाहेर पाठवायचं, त्याची तार भिंतीतून जायची. रेकॉर्डरमधून चित्र बाहेर पडणार, म्हणजे त्याची तार भिंतीतल्या अँटेनाच्या भोकात. उरलेल्या भोकात टीव्हीची तार. चहा निवायच्या आत काम झालं. कॅसेट आत सरकवली, बटण दाबलं, रेकॉर्डर घुरघुरला, आणि टीव्हीवर नुसत्या मुंग्या. हे म्हणाले, "अजून पाहुणे जमायचे असतील." तासभर आम्ही त्या मुंग्यांसमोर नेटकं बसून होतो. (मी चष्मासुद्धा पुसला.)

तेवढ्यात बेल वाजली. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरांची बायको दारात. "अहो, तुमच्या भाचीचं लग्न काय थाटात झालं हो!"

"तुम्हाला बोलावणं होतं?" मी विचारलं. (मला धक्काच बसला. बेबी, तुझी पाहुण्यांची निवड मला कधीच कळली नाही.)

"बोलावणं कसलं? आत्ता टीव्हीवर लागलंय की!"

तर असं झालं होतं. आमच्या इमारतीत गच्चीवर सगळ्यांची मिळून एकच अँटेना आहे. माझ्या तारेने तुझ्या लेकीचं लग्न भिंतीतून वर चढवलं आणि तिथून घरोघर वाटलं. डॉक्टर मॅच शोधत होते, त्यांना नवरी सापडली. शेजारच्या विमा एजंटाने तर बायकोमुलांना हाका मारून समोर बसवलं. अख्ख्या इमारतीत ते लग्न फक्त एका घरात दिसत नव्हतं. "कनेक्शन अगदी पक्कं झालंय," हे म्हणाले, आणि उशीत तोंड खुपसून हसले.

मी तार उपटणार, तोच डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुमच्या बहिणीचा आवाज थेट तुमच्यासारखा हो! म्हणजे... ते त्या बोलल्या ना, जेवणाच्या टेबलापाशी..." आणि पदर तोंडाला लावला. मी खोदून विचारलं. एक्स्चेंजमध्ये मी याहून घट्ट तोंडं उघडली आहेत. तर तू हातात ताट घेऊन, कॅमेऱ्याकडे पाठ करून, तुझ्या जावेला म्हणालीस: "बरं झालं बाई, ताईचा गुडघा वेळेवर दुखला. आली असती तर स्टेजवर चढून नवरदेवाला ताठ उभं राहायला लावलं असतं."

मला राग तुझा नाही आला. राग आला तो विमा एजंटाचा. ते जिन्यातून ओरडले, "अगदी बरोबर ओळखलंय हो बहिणीने!" माणूस गेली दोन वर्षं मला पॉलिसी विकायला बघतोय. आता विकून दाखव म्हणावं.

मग तारांची अदलाबदल केली आणि चित्र आलं, लख्ख. लेक गोड दिसते आहे, जेवणाची व्यवस्था चोख होती, आणि तुझं अंग जरा भरलंय. भाऊजींना नमस्कार सांग.

तुझी,
ताई

ता. क. तू बोललीस ती जागा मी पुसून टाकायचं ठरवलं. जावई ऐकेल, लेक खजील होईल, म्हणून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जेवण सुरू झाल्यावर लगेच आहे. कॅसेट सुरुवातीला नेली, तिथून न बघता अंदाजाने पळवली, रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं, आणि तेवढ्यात विमा एजंट 'सहज' आले. त्यांचा समाचार घेऊन परतले तोवर टीव्हीवरचं बटाट्यावरच्या रोगांचं भाषण कॅसेटच्या टोकापर्यंत भरलं गेलं होतं.

ता. क. २. लेक गोड दिसते वगैरे मी वर लिहिलंय, ते डॉक्टरीणबाईंचं मत. पळवण्याचा अंदाज चुकला, जेवणाच्या फार अलीकडेच थांबले, म्हणून कॅसेटवर उरलं आणि मी पाहिलं ते पाहुणे गाड्या लावताना, एवढंच. शनिवारच्या आत दुसरी कॅसेट पाठव, बेबी. रजिस्टरने नको, कोणाच्या तरी हाती पाठव. मला पोरीला नवरीच्या वेशात बघायचंय गं.

ता. क. ३. ते वाक्य कापू नकोस. ते इमारतीत सगळ्यांना पाठ झालंय, अजून ऐकलेलं नाही ते मी एकटीनेच.