दहा पावलांचा निकष

३ मार्च
आज सकाळी गवंड्याच्या घरी डोकावलो. गेल्या वर्षी आमच्या पुनर्वसन केंद्रात त्याला कृत्रिम पाय बसवला. यशस्वी रुग्णांच्या यादीत त्याचं नाव मीच लिहिलं होतं. गवंडी हातांवर सरकत दारापर्यंत आला. पाय माळ्यावर, चादरीत बांधलेला.
त्याची बायको म्हणाली, "पाय बघायला आलात? काढते हं. वर्षभर जपलाय, अगदी नवा आहे."
पाय घासतो, जखम होते. दोनदा केंद्रात गेला — 'तुमची केस बंद झाली' म्हणून परत पाठवला.

४ मार्च
प्रार्थना म्हटली. पाठ आहे म्हणून झाली.

६ मार्च
यादीतल्या आणखी अकरा जणांच्या घरी जाऊन आलो. पाय वापरणारे तिघे. एका आजीबाईंनी तो दाराला टेकवून ठेवलाय. "वाऱ्यानं दार आपटत नाही बघा. उपयोग झाला म्हणून लिहा की!"
आमचं मूल्यमापन असं: पाय बसवला त्या दिवशी दोन दांड्यांच्या मध्ये दहा पावलं चालला, की पुनर्वसन पूर्ण. पुढे तो घरी चालतो का, हे विचारायला फॉर्मवर जागाच नाही.

७ मार्च
संचालकांना सगळं सांगितलं. घरोघरी जाऊन पाय दुरुस्त करणारा माणूस नेमायचा की नाही, हे केंद्राला अनुदान देणारी समिती आमच्या अहवालावरून ठरवणार. अहवालात यश ब्याण्णव टक्के. म्हणजे माणूस नको.
ते हसले. "गुरुजी," — केंद्रात मला सगळे गुरुजीच म्हणतात — "दहा पावलांचा निकष आणला कोणी?"
मीच. आठ वर्षांपूर्वी. मोजायला सोपा म्हणून. तेव्हा यांनीच पाठ थोपटली होती.
"मग आता स्वतःच्याच पायावर कुऱ्हाड का मारून घेता? सोमवारी सही करा, मोकळे व्हा."
पायाचं बोलताना त्यांची जीभ जराही अडखळली नाही.

९ मार्च
बायको म्हणाली, "दोन दिवस ताटावर नुसते बसता. देवाला विचारून झालं असेल, तर करून टाका काय ते."
विचारून झालं. उत्तर आधीच माहीत होतं, हीच तर अडचण.

१० मार्च
अहवालावर सही केली नाही. समितीच्या कचेरीत जाऊन पत्र दिलं — आठ वर्षांतले माझ्या सहीचे सगळे अहवाल मागे घ्यावेत. आधी 'चुकीचे' लिहिलं होतं. ते खोडून 'खोटे' लिहिलं. पोच घेतली.